अर्थिंगची जादा वायर

बोरिवलीहून येताना गाडीत नासक्या अंड्याचा वास येत होता, पण मी बराच वेळ बोलले नाही. धाकट्या बहिणीकडे राहून मी परत निघाले होते आणि लेक मला न्यायला आली होती. लेक गाडी चालवते. गाडी तिची स्वतःची, विजेवर चालणारी, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असलेली. त्या गाडीत खोट काढलेली तिला चालत नाही, म्हणून मी पदर नाकाला लावून खिडकीकडे तोंड करून बसले.

"काय गं आई, नाक का धरलंस?"

"काही नाही. वास येतोय जरा."

"नाला आहे. मालाडला येतोच. मावशीकडची हवा खाऊन आलीस ना, आता सगळीकडे वास येणार तुला."

मालाड गेलं, गोरेगाव गेलं, नाला कुठेच नव्हता आणि वास होताच. तो वास मी संसाराची निम्मी वर्षं रोज घेतला आहे. बॅटरी प्रमाणाबाहेर भरली की आतलं पाणी उकळायला लागतं, तेव्हा असा वास सुटतो. पण मनात म्हटलं, ह्या गाडीला इंजिन नाही, डायनॅमो नाही, हिच्यात काय उकळणार?

जोगेश्वरीच्या पुढे समोरच्या पडद्यावर टिंग वाजलं. लाल अक्षरं आली, बाजूला कासवाचं चित्र आलं आणि गाडी खरंच कासवासारखी चालायला लागली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"वाट लागली," लेक म्हणाली. "परत तेच."

पडद्यावरचं इंग्रजी तिने मला सांगितलं. लो-व्होल्टेज सिस्टिमचं व्होल्टेज जास्त झालंय. हा संदेश तिसऱ्यांदा आला होता. आधी दोन वेळा वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून तो पुसून दिला होता. दुसऱ्या वेळी तिथल्या इंजिनिअरने सांगितलं होतं, पुन्हा आला तर कन्व्हर्टर नावाचा डबा बदलावा लागेल. तो बाहेरून येतो. महिना लागेल, जास्तही लागेल, आणि तोवर गाडी जागेवर उभी.

लेकीचा सगळा जीव ह्या महिन्यात अडकला होता. विमानतळावर काम करणाऱ्या चार मुलींना ती पहाटे मुलुंड आणि घाटकोपरहून घेऊन सांताक्रूझला सोडते. पहाटेच्या वेळी बाई ड्रायव्हर हवी, असं त्या मुलींच्याच घरच्यांनी सांगितलं, म्हणून हे काम तिला मिळालं. काम देणारा माणूस तेव्हाच म्हणाला होता, "ताई, गाडी एक दिवस नाही आली तर समजून घेऊ. महिनाभर नाही आली तर दुसरी लावणार." त्या कामाआधी ती कशी घरात बसून होती ते मी पाहिलेलं आहे. तेव्हा ती जेवताना ताटातसुद्धा बघायची नाही.

रस्त्याच्या कडेकडेने आम्ही वर्कशॉपकडे निघालो. वर्कशॉप मरोळच्या बाजूला आहे. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि मला राहून राहून आमचा गाळा आठवत होता.

आमच्या ह्यांचा गाळा साकीनाक्याला होता, खैरानी रोडवरून आत. डायनॅमो, सेल्फ, आर्मेचरला तांब्याची तार भरणे, वायरिंग, असली सगळी गाडीच्या विजेची कामं. गाळा इतका अरुंद की गाडी बाहेर रस्त्यावर आणि ह्यांचे पाय बाहेर, बाकी अंग बॉनेटखाली. आत वार्निशचा वास भरलेला असायचा. लग्न होऊन मालवणहून आले तेव्हा त्या वासाने माझं डोकं उठायचं. पुढे गावी गेले की तोच वास नाही म्हणून झोप यायची नाही.

मी तिथे जायला लागले ते डबा घेऊन. मदतीला असलेला माणूस शिमग्याला गावी गेला तो परत आलाच नाही. एक दिवस मी सुकटीची चटणी आणि भात घेऊन गेले, तर हे बॉनेटखालून म्हणाले, "गो, जरा गाडीत बस. पाय ठेय त्या पट्टीवर."

मी कधी गाडीच्या पुढच्या सीटवरसुद्धा बसले नव्हते. टॅक्सीवाला भय्या बाजूला उभा होता. तो म्हणाला, "बैठो भाभी, गाडी कहीं नहीं जायेगी." मी पदर दातात धरून बसले.

तेव्हापासून ते माझं काम झालं. ह्यांचं मीटर जुनं होतं, काचेचं, काट्याचं. इंजिनाच्या धक्क्याने काटा थरथरायचा, म्हणून लांब वायरी लावून ते मीटर माझ्या मांडीवर ठेवायचे. मी पायाने रेस द्यायची आणि काटा कुठे आहे ते सांगायचं.

"रेस दी."

मी द्यायची.

"काटो खंय हा?"

"चौदाच्या पुढे."

"वायच कमी कर. आता?"

"तेरा आणि चौदाच्या मध्ये."

चौथीपर्यंत शिकले होते, आकडे मला येत होते. पण मोठ्याने ओरडायला यायचं नाही. रस्त्यावर इतकी माणसं, त्यांच्यात बाईने ओरडायचं कसं? मग ह्यांनी युक्ती काढली. ते बॉनेटवर आतून एकदा टकटक करायचे, म्हणजे मला ऐकू आलं नाही, परत सांग. दोनदा टकटक म्हणजे बस, झालं. कधीकधी काम संपल्यावरही उगाच एकदा टकटक करायचे. मी परत आकडा सांगायची. मग आतून हसू यायचं.

त्या काळात टॅक्सीवाल्यांची एक तक्रार नेहमीची असायची. "उस्ताद, गाडी बल्ब खा रही है." महिन्याला दोन-दोन बल्ब जायचे, दिवे पांढरेफटक पेटायचे आणि बॅटरीला नासक्या अंड्याचा वास यायचा. म्हणजे डायनॅमो जास्त चार्जिंग मारतोय. डायनॅमोला आवरायला कटआऊट नावाची एक पेटी असायची. लोक नवी पेटी बसवायचे, तरी बल्ब जायचेच. ह्यांचं म्हणणं असं की पेटी बिचारी काय करणार, तिला अर्थिंगच नीट मिळत नाही. समुद्राच्या हवेने गाडीचा पत्रा गंजलेला. बॅटरीत किती वीज आहे ते पेटीला नीट कळतच नाही. तिला वाटतं कमी आहे, म्हणून ती डायनॅमोला मोकाट सोडते.

मग हे काय करायचे, तर एक जाड काळी वायर घ्यायचे. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं पत्रा घासून बॉडीला. अर्थिंगची जादा वायर. तिचे वेगळे पैसे नाहीत. माझ्या मांडीवर काटा सोळाच्या घरातून खाली यायला लागायचा आणि चौदाच्या आसपास उभा राहायचा. ते बघायला मला फार आवडायचं. तापलेल्या मुलाचा ताप उतरताना बघावं तसं वाटायचं.

वायर लोंबकळलेली ह्यांना खपायची नाही. ती कापडी टेपमध्ये गुंडाळून, आधीच्या वायरींच्या बाजूने नेऊन, आर्मेचरला बांधतात त्या मेणाच्या दोऱ्याने जागोजागी बांधायची. ह्यांची बोटं जाड, ती गाठ त्यांना जमायची नाही. ती मी मारायची. "तुझी गाठ सुटूची नाय," म्हणायचे. लेक तेव्हा लहान होती. आम्ही दोघं कामात असलो की ती गिऱ्हाइकाच्या टॅक्सीत मागच्या सीटवर झोपायची. एकदा एक टॅक्सीवाला तिला मागे झोपलेलीच घेऊन घाटकोपरपर्यंत गेला होता. तिथे ती उठून बसली आणि त्यालाच विचारलं, "आमचं दुकान कुठे गेलं?" तो बिचारा घामाघूम होऊन परत आला. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि मला म्हणाले, "चेडवाक ड्रायव्हिंग आवडता बघ."

ह्यांची एक सवय होती, तिला बाजूचे गाळेवाले हसायचे. दुरुस्त करून दिलेली गाडी परत आली की गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचे, मान हलवायचे आणि सगळ्यात आधी आपण केलेलं काम उघडायचे. नवी बॅटरी दुसऱ्याने बसवलेली असो, वायर उंदराने कुरतडलेली असो, ते सगळं नंतर. "आपला काम पयला उघडूचा," म्हणायचे. पुष्कळदा त्यात काही निघायचं नाही. मग पुन्हा टेप मारायचे, मी पुन्हा गाठी मारायची, आणि मग दुसरीकडे बघायचे. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, "अरे, तू पहिला स्वतःच्याच घरात चोर शोधतोस."

"घरातलो चोर बेगीन गावता," हे सांगायचे. घरातला चोर लवकर सापडतो म्हणे.

पुढे गाड्या बदलल्या. कटआऊट गेला, डायनॅमोसुद्धा वेगळा झाला. सगळं कंपनीच्या बंद डब्यांत. टॅक्सीवाले यायचे ते बसून गप्पा मारायला. गाळा बंद केला त्या दिवशी ह्यांनी मीटर, टेस्ट लॅम्प, दोऱ्याची रिळं असं सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणलं आणि तो डबा पलंगाखाली सरकवला.

लेकीने ही गाडी आणली तेव्हा हे तिच्याभोवती फिरून फिरून दमले. बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले.

"डायनॅमो खंय?"

"बाबा, नाही डायनॅमो. इलेक्ट्रिक आहे."

"मगे धाकटी बॅटरी कोण भरता?"

ह्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी खाली, सीटखाली. आणि दिवे, हॉर्न, पडदा, दरवाजे ह्यांच्यासाठी आपल्या नेहमीच्या गाडीसारखी छोटी. लेकीने मधला डबा दाखवला. मोठीतली वीज कमी करून तो छोटीत भरतो. हे खूश झाले. मला म्हणाले, "म्हणजे बघ, मोठी ती बांव, धाकटी ती कळशी. आणि ह्यो डबो म्हणजे रहाट. बांव केवढी का असेना, कळशीत कळशीएवढाच पाणी पडाक व्हया." गावच्या विहिरीवर मी रहाट ओढलेला आहे, मला लगेच समजलं.

दसऱ्याला लेक पहाटेची फेरी करून येऊन झोपली होती. मी हत्यारांना वाहायला झेंडूची फुलं काढत होते. ह्यांनी पलंगाखालचा डबा ओढला. हत्यारं मांडायला काढताहेत असं मला वाटलं. त्यांनी काळ्या वायरीचा एक तुकडा काढला, टोकं बघितली आणि म्हणाले, "चल गो, खाली जाऊया."

ह्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. खाली बिल्डिंगच्या सावलीत मी वायर धरली, त्यांनी नट आवळले. एक टोक छोट्या बॅटरीच्या मायनसला, एक बॉडीला. टेप मारली. मी दोऱ्याच्या गाठी मारल्या. मधेच त्यांनी बॉनेटवर एकदा टकटक केलं. मी म्हटलं, "मीटर कुठाय मांडीवर?" तर हसले.

लेक उठल्यावर तिला दाखवलं. "खाऱ्या हवेत पत्रो गंजता. ही आसली की काळजी नाय. कंपनीची वाटता ना?"

"झकास, बाबा."

मग त्यांनी बॅटरीला हळद-कुंकू लावलं. लायटरच्या भोकात लावायचं एक छोटं आकड्यांचं मीटर कुठूनसं आणलं होतं, तेही तिला दिलं. तिने ते चार दिवस लावलं. नंतर फोनचा चार्जर लावायला जागा हवी म्हणून काढून पुढच्या कप्प्यात टाकलं.

दिवाळी त्यांनी पाहिली नाही. छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलपर्यंतच पोचले. तेरावं होईपर्यंत गाडी खाली उभी होती. गाडी परत रस्त्यावर आल्यावर थोड्या दिवसांनी तो संदेश पहिल्यांदा आला. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, बरं झालं ह्यांनी वायर लावून ठेवलीय, नाहीतर आणखी वाढलं असतं.

वर्कशॉपला पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. फक्त तो इंजिनिअर होता, चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातात अर्धा वडापाव. आम्हाला बघून त्याने वडापाव कागदात गुंडाळून ठेवला.

"आला ना परत? मी बोललो होतो, मॅडम. बॉक्स मागवू या."

"महिना नाही चालणार मला," लेक म्हणाली.

"मलाही नाही आवडत महिनाभर गाडी अडवून ठेवायला. जागा आहे कुठे? पण सेफ्टीचं आहे. हे व्होल्टेज असंच राहिलं तर आतले बाकीचे डबे पण जातील."

लेकीचा फोन वाजला. त्या काम देणाऱ्या माणसाचाच होता. ती फोन घेऊन फाटकाकडे गेली. इंजिनिअरने इकडे तिकडे बघितलं. मदतीला कोणी नव्हतं.

"काकू, गाडीत बसता का जरा? काही करायचं नाही. पडद्यावर दोन आकडे दिसतील, ते मला ओरडून सांगा. मी इथे मोजतो."

मी पुढच्या सीटवर बसले. नारिंगी वायरींना हात लावू नका म्हणाला, त्या मोठ्या बॅटरीच्या. मी कशाला लावते. बॉनेट वर होतं, त्यामुळे तो मला दिसत नव्हता. नुसता आवाज. पाय आपोआप रेसच्या पट्टीकडे गेला आणि मी तो मागे घेतला.

"वरचा आकडा?"

"पंधरा पॉइंट चार."

"ऐकू नाही आलं. मोठ्याने, काकू!"

इथे टकटक करणारं कोणी नव्हतं. मी घसा साफ केला आणि ओरडले, "पंधरा पॉइंट चार!" माझाच आवाज मला परका वाटला.

"माझ्याकडे पण पंधरा पॉइंट चार," तो म्हणाला. "म्हणजे पडदा खोटं बोलत नाही. कधीकधी व्होल्टेज बरोबर असतं आणि मोजणाराच चुकतो. तसं नाही हे. खालचा आकडा सांगा, बॅटरीत किती करंट जातोय तो."

"दोन."

वायरी हलवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "नक्की दोन?"

"दोन. मधेच एक पॉइंट नऊ होतंय."

तो बाजूने माझ्याकडे आला. हातात चिमट्यासारखं मीटर होतं, वायरीला नुसतं भोवती धरायचं. "मी बॅटरीच्या प्लसच्या वायरीला लावलं. नऊ जातोय इथे. गाडीला वाटतं दोनच जातोय." तो माझ्याशी बोलत होता की स्वतःशी, कळत नव्हतं. "म्हणून ती समजते, बॅटरी उपाशी आहे. बॉक्सला सांगते, अजून दे, अजून दे. बॉक्स देतोय बिचारा. पोट भरलेल्याला वाढत बसलीय गाडी."

"गाडीला कोण सांगतं किती जातंय ते?" मी विचारलं. अनोळखी माणसाला मी असं विचारलं, ह्याचं मला नंतर नवल वाटलं.

"मायनसला एक छोटा सेन्सर असतो, काकू. टोलनाका समजा. बॅटरीतलं सगळं येणं-जाणं त्याच्यातून व्हायला पाहिजे. इथे सात आमच्या नाक्यावरून जातच नाहीये. एक तर नाका खराब आहे, नाहीतर दुसरीकडून वाट आहे कुठेतरी."

तो पुन्हा पुढे गेला आणि टॉर्च घेऊन वाकला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दुसरीकडून वाट आहे. माझ्या मांडीवर मीटर असतं तर त्याचा काटा त्या क्षणी हलला असता.

मी खाली उतरले. तो एकेक वायर चाचपत होता. आमच्या वायरीवरून त्याची बोटं दोनदा गेली आणि पुढे गेली. ती खरंच कंपनीची वाटत होती. ह्यांना किती बरं वाटलं असतं. टेपच्या खालच्या अंगाला दोऱ्याची गाठ होती, तीवर कुंकवाचा एक कण अजून चिकटलेला होता.

"सेन्सरच गेला असेल," तो म्हणाला. "तो पण मागवावा लागेल मग. दोन्ही मागवतो."

"ही आमची आहे," मी म्हटलं.

"काय?"

"ही वायर. कंपनीची नाही. आमच्या ह्यांनी लावली होती. अर्थिंगची."

त्याने टॉर्च मारला. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. वायर बॅटरीच्या मायनसपासून निघून, सेन्सरला बाजूला ठेवून, थेट बॉडीला गेलेली त्याला दिसली.

लेक तेवढ्यात फोन संपवून आली. "काय झालं?"

"मॅडम, ही जादा अर्थिंगची वायर..."

"ती बाबांनी लावलीय." तिचा आवाज एकदम वर चढला. "तिचा काय संबंध? बाबा आयुष्यभर व्होल्टेज खाली आणायचे. अशीच वायर लावून आणायचे. आई, सांग ना ह्यांना."

"खरं आहे," तो म्हणाला. "जुन्या गाडीला हेच बरोबर आहे. माझे मामा पण असंच करायचे. पण ह्या गाडीत ती नाक्याला वळसा घालून जाते. काढून बघू या, पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही काढायची. बॉक्स बदला तुम्ही."

"अहो, महिना नाही चालणार म्हणालात ना?"

"चालेल."

चालणार नव्हतं. फोनवर तो माणूस काय म्हणाला ते तिच्या तोंडावर दिसत होतं. उद्या पहाटे गाडी आली नाही तर परवापासून दुसरी, असंच काहीतरी. तरी ती बॉनेटला हात लावून उभी राहिली, जशी लहानपणी गाळ्याच्या दाराला धरून उभी राहायची, घरी जायचं नाही म्हणून. इंजिनिअर वडापावचा कागद उगाच नीट करायला लागला.

मी म्हटलं, "दुरुस्त केलेली गाडी परत आली की बाबा पहिलं काय करायचे?"

ती माझ्याकडे बघेना.

"तू मागच्या सीटवर असायचीस. झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचीस ते मला माहीत आहे."

ती वायरीवर वाकली. मग वायरीकडेच बघत हळूच म्हणाली, "आपला काम पयला उघडूचा."

"मग ही गाडी तिसऱ्यांदा परत आलीय."

तिने बॉनेटवरचा हात काढला.

इंजिनिअरने गाडी बंद केली, नट सैल केले आणि दोरा तोडायला कटर घेतला. मी म्हटलं, "कापू नका. मी सोडते." ह्यांना कापलेला दोरा आवडायचा नाही. सोडलेला दोरा परत वापरता येतो. माझी गाठ सुटत नाही म्हणायचे, पण ज्याने मारली त्याला ती सोडवता येते. नखाने एक फेरा सैल केला, मग दुसरा. मेण बोटांना लागलं. तीन गाठी होत्या. तिसरीला लेकीने टॉर्च धरला.

वायर काढल्यावर त्याने गाडी परत चालू केली आणि मला न विचारताच सीटकडे हात केला. मी बसले. आता पडद्यावरचा आकडा आणि चिमट्यातला आकडा सारखाच येत होता. व्होल्टेज लगेच खाली आलं नाही. गाडीला हिशेब नव्याने समजायला थोडा वेळ लागतो म्हणाला. छोटी बॅटरी उकळून फुगली होती. तसली नवी त्याच्याकडे शिल्लक होती, ती बसवून दिली. मग व्होल्टेज उतरायला लागलं. चौदा पॉइंट सहा. चौदा पॉइंट दोन. मी एकेक आकडा सांगत होते, आणि आता ऐकू नाही आलं असं तो एकदाही म्हणाला नाही.

वायर त्याने पुसून लेकीच्या हातात दिली. "चांगली वायर आहे. अशी आता मिळत नाही," म्हणाला.

निघताना लेकीने ती मागच्या सीटवर ठेवली. डिकीत नाही ठेवली. गेटबाहेर आल्यावर तिने फोनचा चार्जर काढला, पुढचा कप्पा चाचपला आणि ह्यांनी दिलेलं ते छोटं मीटर लायटरच्या जागी खोचलं. लाल आकडे पेटले. मग तिने त्या माणसाला फोन लावला आणि उद्याची गाडी येणार म्हणून सांगितलं, एवढंच. वास गेला होता. बाहेर मात्र खरोखरचा नाला लागला, आणि आम्ही दोघींनी एकदमच नाक धरलं.

साकीनाक्याच्या सिग्नलला आम्ही अडकलो. डाव्या हाताला आत आमचा गाळा होता. आता तिथे मोबाइलच्या काचा बदलतात. लेक समोर बघत होती, तिने मान वळवली नाही.

"काटो खंय हा?" तिने विचारलं.

मीटरला काटा नव्हताच.

"तेरा पॉइंट आठ," मी म्हटलं.

सिग्नल सुटेना. तिने बोटाने स्टिअरिंगवर एकदा टकटक केलं.

"तेरा पॉइंट आठ," मी परत सांगितलं.